पक्षी दिसतो, पाणथळ दिसत नाही

थंडी पडली की शनिवार-रविवारी भल्या पहाटे पुण्याहून भिगवणकडे गाड्या निघतात. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, कुंभारगाव नाहीतर डिकसळच्या काठाशी, नावाडी थांबलेले असतात. तासाभरात रोहित पक्ष्यांच्या थव्यासमोर होड्यांची रांग लागते आणि प्रत्येक होडीतून लांब लेन्स रोखल्या जातात. त्या दिवशीची सगळी छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवली, तर कोणतं कोणी काढलं हे ओळखणं अवघड होतं. हौशी पक्षीछायाचित्रणाचं यश आणि त्याचा पेच, दोन्ही या सारखेपणात आहेत.

यश निर्विवाद आहे. फिल्मच्या रोलमध्ये ३६ चित्रं मावत. आजचा मिररलेस कॅमेरा सेकंदाला वीस चित्रं टिपतो आणि पक्ष्याचा डोळा स्वतःच शोधून फोकस धरून ठेवतो. सूर मारणारा नदीसुरय टिपणं पूर्वी मोजक्यांनाच साधे, आता ते अनेकांना जमतं. पण डोळा कॅमेऱ्याने शोधला, तरी चौकटीत काय ठेवायचं हे ठरवायला माणूसच लागतो. नेमका तिथेच आपला सराव कमी पडतो.

६०० मिलिमीटरची लेन्स जेमतेम चार अंशांचा तुकडा पाहते. त्यात पक्षी मावतो, पण त्याचा परिसर बाहेर राहतो. वर घरी येऊन आपण आणखी क्रॉप करतो. २४ मेगापिक्सेलच्या चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली की हातात सहाच मेगापिक्सेल उरतात, आणि पक्षी कुठल्या पाण्यावर उभा होता हेही कळेनासं होतं. पंखांची ठेवण दाखवायला जवळचं चित्र हवंच. मात्र सगळीच चित्रं तशी असली, तर ती ओळखपत्राच्या फोटोंसारखी होतात.

रचनेची सुरुवात कॅमेऱ्याच्या उंचीपासून होते. होडीच्या फळीवर उंच बसून खाली पाहिलं, तर शेकाट्याच्या मागे लगतचंच पाणी येतं. त्यातली प्रत्येक लाट आणि काडी स्पष्ट उमटून लक्ष विचलित करते. होडीच्या तळाशी बसून लेन्स काठाला टेकवली, की तोच पक्षी दूरच्या किनाऱ्यासमोर येतो, पार्श्वभूमी विरघळते आणि आपण त्याच्या नजरेला नजर देतो. पक्षी ज्या दिशेला पाहतो तिकडे मोकळी जागा ठेवावी, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. ती मोकळी जागा कशाने भरायची, हा पुढचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. उजनीत त्याचं उत्तर समोरच आहे: मासेमारीची जाळी, पाण्यात उभी वाळलेली झाडं, पाणी ओसरल्यावर उघडं पडणारं पळसदेवच्या जुन्या मंदिराचं शिखर. त्या शिखरामागून उडणारे बगळे या जलाशयाची गोष्टच सांगतात. मद्रासचे निसर्गछायाचित्रकार एम. कृष्णन कृष्णधवल चित्रं काढत, रंगाचा आधार न घेता. रंग बाजूला ठेवून आपलं चित्र उभं राहतं का, ही परीक्षा आजही उपयोगी आहे.

एडिटिंगमध्ये नुकसान अधिक होतं, कारण ते सहज दिसत नाही. रोहितचा गुलाबी रंग त्याच्या अन्नातल्या रंगद्रव्यांतून येतो; पिल्लं करडी-तपकिरी असतात आणि हळूहळू रंग धरतात. सॅच्युरेशनची पट्टी सरसकट पुढे ढकलली, की अर्धवट रंगलेला तरुण पक्षी आणि पूर्ण वाढलेला पक्षी सारखेच दिसू लागतात. चित्रातून पक्ष्याचं वय पुसलं जातं. खंड्याच्या निळ्यामागे निळं रंगद्रव्य नाही. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरल्याने तो निळा दिसतो. तो भडक केला की पिसांचे बारकावे मिटून सपाट डाग उरतो. बगळ्याचा पांढरा रंग तर कॅमेऱ्यातच जपावा लागतो: एक्स्पोजर थोडं कमी ठेवायचं, मग सावल्या हलक्या हाताने उजळायच्या. एकदा जळून गेलेलं पीस कोणतंही सॉफ्टवेअर खरेपणाने परत आणू शकत नाही. शार्पनिंगचा अतिरेक झाला, की पक्ष्याभोवती पांढरी किनार उमटते आणि तो कागदातून कापून चिकटवल्यासारखा वाटतो. प्रकाश, रंगसंतुलन, क्रॉप ही चित्राची मशागत आहे. नको असलेली फांदी पुसणं किंवा आकाश बदलणं ही वेगळी गोष्ट आहे. निसर्गचित्रांच्या स्पर्धाही साधारण हीच रेषा मानतात.

अशीच एक रेषा पाण्यावरही आहे. उडता थवा मिळावा म्हणून नावाड्याला होडी जवळ न्यायला सांगितलं, तर ते उड्डाण आपण घडवलेलं असतं. चोच उलटी करून चिखलपाणी गाळत चरणारे रोहित हे त्यांचं खरं जगणं. ते टिपायला लांब थांबावं लागतं, वाट पाहावी लागते.

मग उरते निवड. दोन हजार चित्रांतून दहा ठेवणं हाही कलेचाच भाग आहे, आणि तो सर्वांत कमी शिकवला जातो. माझी एकच सूचना आहे: प्रत्येक फेरीत पक्ष्याने चौकटीचा दहावा भागही व्यापलेला नाही, असं निदान एक चित्र जपावं. पन्नास वर्षांनी कोणी उजनी कशी होती असं विचारलं, तर पिसांचे क्लोजअप गप्प राहतील. पाणी किती होतं, काठावर काय उगवत होतं, कोणाची जाळी कुठे पडत होती, हे त्या एका चित्रातला लहानसा पक्षी सांगेल.