श्राव्य मालिकेतील मृत्यू आणि ‘सविकल्प समाधी’

श्राव्य मालिकेतील पात्राच्या मृत्यूने शोकाकुल होणाऱ्या श्रोत्याला कल्पित आणि वास्तव यांतील भेद कळत नाही, असे सहजपणे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहण्यास दोन प्रसंग उपयुक्त ठरतात.

बीबीसीच्या ‘द आर्चर्स’ या मालिकेत २२ सप्टेंबर १९५५ रोजी ग्रेस आर्चर या नवविवाहितेचा मृत्यू झाला. जळत्या तबेल्यातील घोडा वाचविताना ती जखमी झाली होती. त्याच रात्री ब्रिटनमध्ये व्यावसायिक दूरचित्रवाणीचा प्रारंभ झाला, आणि मृत्यूची वेळ तो डोळ्यांपुढे ठेवून साधलेली होती. बीबीसीवर पत्रांचा व दूरध्वनींचा वर्षाव झाला. दुसरा प्रसंग भारतीय आहे. हिंदी भाषक प्रदेशातील २७ आकाशवाणी केंद्रांवरून १९९६-९७ मध्ये ‘तिनका तिनका सुख’ ही १०४ भागांची मालिका प्रसारित झाली. तीत हुंड्यापायी छळली गेलेली पूनम आत्महत्या करते. डिसेंबर १९९६ मध्ये उत्तर प्रदेशातील लुत्सान गावाहून आकाशवाणीला एक भलेमोठे पत्र आले. त्यावर १८४ ग्रामस्थांच्या सह्या व अंगठे होते, आणि गावातील श्रोते आता हुंड्याला विरोध करीत असल्याचे त्यात नमूद केले होते.

हे पत्र पूनमच्या सासरच्यांना उद्देशून नाही. ते आकाशवाणीला उद्देशून आहे. पूनम ही निर्मिती आहे, याची जाणीव पत्राच्या पत्त्यातच व्यक्त झाली आहे. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ ती हीच. स्वतःची भूमिका न सोडता परभूमिकेत शिरण्याची ही अवस्था भाबडेपणाहून सर्वस्वी भिन्न होय.

मात्र केळकरांची उपपत्ती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यांना अभिप्रेत असलेली समाधी व्यक्तीची आहे आणि आनंदात तिची परिणती होते. शोकात्मिकेतील मृत्यू कृतीच्या शेवटी येतो. पडदा पडतो आणि करुणाचा आस्वाद पूर्ण होतो. मालिकेतील मृत्यू मध्येच येतो. श्रोत्याच्या दिनक्रमाशी जुळलेला कथेचा काळ पुढे चालूच राहतो. शिवाय श्राव्य माध्यमात पात्र म्हणजे केवळ आवाज. तो थांबला की ठरलेल्या वेळी ऐकू येणारी उणीव तेवढी उरते. ती उणीव रसास्वादात विरत नाही, म्हणून ती पत्राकडे वळते. ग्रेसच्या श्रोत्यांनी ती लेखकांकडे परतवली; लुत्सानच्या श्रोत्यांनी ती स्वतःच्या आचरणावर घेतली. परभूमिकेतून स्वभूमिकेकडे परतताना ती भूमिकाच तपासली जाणे, ही या समाधीची पुढची पायरी म्हणता येईल.

अर्थात या पायरीचे उदात्तीकरणही टाळावयास हवे. लुत्सानचा पुढे अभ्यास करणाऱ्या संशोधकांना निश्चय आणि व्यवहार यांत विसंगती आढळल्या. पूनमचा मृत्यूही उद्दिष्ट ठरवून योजलेला होता. ग्रेसचा स्पर्धेसाठी, पूनमचा प्रबोधनासाठी, इतकाच भेद. परंतु हेतू योजलेला असला म्हणून प्रतिसादही योजलेलाच असतो, असे नव्हे. एका पत्राखाली गावाने एकत्र येऊन सह्या करणे हे कोणत्याही संहितेत लिहिलेले नव्हते.

मराठी आकाशवाणीवरील ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावजी व मीनावहिनी घरोघरी आप्त झाले होते, तरी समीक्षेने विचार केला तो प्रामुख्याने पुस्तक हाती धरलेल्या एकट्या वाचकाचा. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे. तिचे ऐकणे कामाच्या आणि शेजाराच्या संगतीत घडते. अशा श्रोत्याचा शोक भाबडा ठरवून बाजूस सारला, तर श्रोत्याचे फारसे बिघडत नाही. आस्वादाची आपली उपपत्तीच अपुरी राहते.