संशय, सूर आणि सुटका : 'संशयकल्लोळ'मधील आश्विनशेठ खलनायक ठरतो काय?

गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत संशयकल्लोळ'ची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. एक अंग प्रहसनाच्या घट्ट बांधणीचे, तर दुसरे पदांच्या गोडीचे. या दोन्ही चर्चांत संशयी पुरुषाचा नमुना म्हणून फाल्गुनरावाकडे बोट दाखविले जाते आणि आश्विनशेठ 'प्रियकर' या बिरुदाखाली सहज सुटतो. वस्तुतः दोघांचा दोष एकच आहे. आपल्या स्त्रीविषयी अपुऱ्या पुराव्यावरून दोघेही निकाल देऊन मोकळे होतात. मग एक हास्यास्पद आणि दुसरा नायक, हा निवाडा कोणी व कशाच्या आधारे केला? आणि नायकपदाचे कवच काढून घेतले तर आश्विनशेठ खलनायक उरतो काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

१

संस्कृत नाट्यशास्त्राकडे या प्रश्नाचे उत्तर मागितले असता एक अर्थपूर्ण उणीव दिसते. स्त्रीशी असलेल्या वर्तनावरून नायकाचे अनुकूल, दक्षिण, शठ आणि धृष्ट असे चार प्रकार केले गेले. चौघांचे मोजमाप पुरुषाच्या एकनिष्ठेवर आहे. नायिकाभेदांतील खंडिता ही त्याच्या चंचलतेने दुखावलेली स्त्री. पुरुषाच्या संशयाने दुखावलेल्या स्त्रीसाठी आणि त्या संशयी पुरुषासाठी या वर्गीकरणात स्वतंत्र घर नाही. आश्विनशेठ एकनिष्ठ असल्याने तो 'अनुकूल' ठरतो आणि त्याचा जाच शास्त्राच्या नजरेतून निसटतो.

देवलांच्या स्वतःच्या नाट्यसृष्टीत मात्र हा विषय वारंवार येतो. 'मृच्छकटिक'च्या त्यांच्या मराठी अवतारात स्त्रीवर मालकी सांगणारा पुरुष म्हणजे शकार. चारुदत्ताच्या मनात वसंतसेनेविषयी किंतु नाही. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून केलेल्या 'झुंजारराव' (१८९०) मध्ये नायक संशयाने आंधळा होतो. पण तो संशय बाहेरून, कपटी माणसाच्या तोंडून, त्याच्या कानात ओतलेला असतो. दोन्ही ठिकाणी दोषाचा भार वाहण्यासाठी खलपुरुष हजर आहे. 'संशयकल्लोळ'मध्ये कोणी कारस्थान रचीत नाही, कोणी कान भरीत नाही. एक तसबीर हातोहात फिरते, एवढेच निमित्त. खलपुरुष नसल्यामुळे संशयाचे मूळ भल्या माणसांच्या मनातच शोधावे लागते. या हसऱ्या नाटकाचे गांभीर्य येथे आहे.

२

कथानकाची वंशावळ अभ्यासकांना परिचित आहे. मोलिएरचे 'स्गानारेल' (१६६०), त्यावर आधारलेले आर्थर मर्फीचे 'ऑल इन द राँग' (१७६१), त्यावरून देवलांचे गद्य 'फाल्गुनराव' (१८९३) आणि अखेर १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेले संगीत रूप, असा हा प्रवास आहे. देवल त्याच वर्षी निवर्तले. या प्रवासात तसबीर, मूर्च्छा, गैरसमजांची साखळी हे सारे टिकून राहिले. देवलांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे देऊन एक खेळकर पंचांगच उभे केले. परंतु त्यांनी केलेला सर्वांत दूरगामी बदल नायिकेच्या जन्माचा आहे.

मोलिएरची सेली आणि मर्फीची बेलिंडा या कुलीन घरच्या कन्या. त्यांच्या प्रेमाच्या आड येतो तो बाप आणि त्याने निवडलेला दुसरा वर. रेवती ही मघा नायकिणीची मुलगी. तिच्या वाटेत बाप उभा नाही. तेथे समाजाचा पूर्वग्रह उभा आहे. बेलिंडाचा प्रियकर बेव्हर्ली संशय घेतो तेव्हा तो एका व्यक्तीवर संशय घेतो. आश्विनशेठ संशय घेतो तेव्हा, त्याची इच्छा असो वा नसो, एका जातीविषयीचा जुना समज त्याच्या बाजूने साक्ष देऊ लागतो. रेवतीच्या जन्माचा आरोप उच्चारण्याची गरजच पडत नाही, कारण प्रेक्षक तो घरूनच घेऊन आलेला असतो.

तसबीर कोणाची आहे, हेही पाहण्यासारखे आहे. ती रेवतीची नसून आश्विनशेठची स्वतःची आहे. आपली प्रतिमा त्याने प्रेमाची खूण म्हणून दिली. पण ती परक्या हाती दिसताच भेटीची ठेव होते आणि ठेवीचा हिशेब मागण्याचा हक्क त्याला आपोआप मिळाल्यासारखा वाटतो. रेवती कोठे आहे, कशी आहे, यापेक्षा आपला चेहरा कोठे गेला याची चिंता त्याला अधिक. ताबा गाजविणाऱ्या प्रेमाचे इतके नेमके नाट्यरूप त्या काळच्या मराठी नाटकात क्वचितच सापडेल.

यावर एक आक्षेप संभवतो. नाटकात चौघेही संशय घेतात; स्त्रियाही त्याला अपवाद नाहीत. मर्फीचे शीर्षकच सर्वांना चूक ठरविते. तेव्हा एकट्या आश्विनशेठला का धरावे? आक्षेपात तथ्य आहे, परंतु संशय समान असला तरी परिणाम समान नसतात. कृत्तिका कितीही भांडली तरी तिचे घर आणि कुंकू शाबूत आहे. आश्विनशेठने हात काढून घेतला तर त्याची पत कायम राहील. रेवतीपुढे मात्र ज्या जीवनातून ती बाहेर पडू पाहते त्याच्याच पायऱ्या उरतील.

३

तरीही प्रेक्षक आश्विनशेठला क्षमा करतो, आणि ती क्षमा बहुतांशी संगीताने मिळवून दिलेली आहे. गद्य नाटकाचे नाव फाल्गुनरावावर होते. संगीत रूपात नाव व्यक्तीवरून अवस्थेवर सरकले आणि नाटकाचा तोल गाणाऱ्या जोडीकडे झुकला. बालगंधर्व रेवतीच्या आणि गणपतराव बोडस फाल्गुनरावाच्या भूमिकेत उभे राहिले. बोडसांची भूमिका मुख्यतः गद्य अभिनयावर उभी होती. त्यातून एक अलिखित विभागणी झाली : फाल्गुनरावाच्या वाट्याला हशा आला, आश्विनशेठच्या वाट्याला सूर. सुरात सांगितलेला मत्सर व्याकुळता वाटतो. गद्यात सांगितलेला तोच मत्सर वेडेपणा वाटतो. बिझेच्या 'कार्मेन' (१८७५) मधील डॉन होसेच्या बाबतीत हेच दिसते. तो अखेरीस कार्मेनचा जीव घेतो. पण त्याआधी त्याच्या गळ्यातून जे आर्जव आपण ऐकलेले असते, त्यामुळे त्याला निखळ खलपुरुष म्हणणे जड जाते.

ही विभागणी अटळ आहे असे नाही. अभनपूर-राजिमपासून रायपूरपर्यंतच्या ज्या छत्तीसगढी मुलखाला नाचा हा लोकनाट्यप्रकार परिचित आहे, तेथे जोक्कड नाचतो, गातो आणि हशाही स्वतःवर ओढवून घेतो. गाणाऱ्याला हास्यापासून अभय नाही. रायपूरला जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी १९५८ मध्ये छत्तीसगढी लोकनटांना घेऊन 'मिट्टी की गाड़ी' उभे केले, म्हणजे जे 'मृच्छकटिक' देवलांनी मराठीत आणले होते तेच. एकाच संहितेचे हे दोन वारस शेजारी ठेवले की मराठी संगीत रंगभूमीने नायकाभोवती सुरांचे किती जाड कुंपण घातले, हे ध्यानात येते.

४

आश्विनशेठ खलनायक नाही. खलत्वाला हेतू लागतो. त्याच्यापाशी कपट नाही, आणि नायकिणीच्या मुलीशी लग्न करण्याचे धैर्य त्याने दाखविले आहे, जे त्या काळी लहान नव्हते. परंतु खलनायक नसणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. समाजाशी दोन हात करावयास निघालेला हा पुरुष पहिल्याच कसोटीला समाजाचेच डोळे उसने घेतो. त्याला 'दोषी नायक' म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. देवलांनी खलपुरुष वगळून हा दोष उघड्यावर ठेवला; नंतरच्या रसिकतेने तो पदांखाली झाकला.

याचा एक परिणाम प्रयोगांवरही होतो. संवादांना कात्री लावून पदांची मैफल सजविली की प्रथम गळतात ते आरोपाचे आणि जाबाचे प्रसंग. रेवतीला काय ऐकून घ्यावे लागले हे न कळता तिचे गाणे मात्र ऐकू येते. संहिता पूर्ण वाचणे आणि पूर्ण खेळणे, हा म्हणूनच केवळ निष्ठेचा प्रश्न नाही. त्यावर रेवतीची बाजू ऐकली जाणे अवलंबून आहे.