रेघ सरळ आहे, म्हणून रस्ता रोमन?

मार्गरीच्या पुस्तकाच्या प्रेमात कुठलाही प्रोग्रामर पडेल. आयव्हन मार्गरी यांचं ‘रोमन रोड्स इन ब्रिटन’ १९५५ आणि १९५७ मध्ये दोन खंडांत आलं. ब्रिटनमधल्या रोमन रस्त्यांना त्यांनी नंबर दिले. मुख्य रस्त्याला एक आकडा, दुय्यमला दोन, किरकोळला तीन. स्टेन स्ट्रीट नावाचे तिथे दोन रस्ते आहेत. एक लंडनहून चिचेस्टरला जातो, दुसरा हार्टफर्डशरमधल्या ब्रॉइंगहून (गावकरी ‘ब्रॅफिंग’ म्हणतात) कोलचेस्टरला. नावाने शोधाल तर घोळ होणार. मार्गरीकडे पहिला १५, दुसरा ३२. विषय संपला.

मी हार्टफर्डशरमध्ये, स्टीव्हनेजला, आठ महिने ऑनसाइट होतो. तिथे रस्त्यालगत सहा रोमन थडग्यांचे गवताळ उंचवटे आहेत आणि त्यांच्या शेजारून लोक डबा घेऊन ऑफिसला जातात. तेव्हा मी दुसरं पुस्तक वाचलं, ‘रोमन रोड्स इन द साउथ-ईस्ट मिडलंड्स’, १९६४ चं. लेखक ‘व्हियाटोरेस’, म्हणजे लॅटिनमध्ये वाटसरू. हा हौशी अभ्यासकांचा गट होता. त्यांनी मार्गरीचीच नंबरपद्धत पुढे नेली आणि हार्टफर्डशर, बेडफर्डशर, बकिंगहॅमशरच्या नकाशावर रस्तेच रस्ते काढले.

त्यातले बरेच रस्ते पुढच्या पुरातत्त्वज्ञांनी मान्य केले नाहीत. का, ते मला एका रविवारी चालताना कळलं. पुस्तकाचा नकाशा हातात होता. कुंपण सरळ दिसलं की रोमन, पायवाट त्याच दिशेने वळली की रोमन, गावाची शीव जुळली की नक्कीच रोमन. पण १८व्या-१९व्या शतकात सामाईक जमिनी वाटल्या गेल्या, तेव्हा मोजणीदारांनीही कुंपणं पट्टीनेच आखली होती. खरा पुरावा म्हणजे खोदल्यावर दिसणारा खडीचा थर आणि दोन्ही बाजूंचे चर. न जुळलेली कुंपणं मोजायचं मात्र तिसऱ्या मैलापर्यंत माझ्याही डोक्यात आलं नाही.

हसू नका. त्याच महिन्यात मी लॉगमधले चार टाइमस्टॅम्प जोडून एका बगचं कारण ‘सिद्ध’ केलं होतं. डायग्राम सुंदर होता. क्लायंटने मान डोलावली. कारण चुकीचं होतं.

पण माझी मोठी तक्रार वेगळी आहे, आणि ती दोन्ही पुस्तकांवर आहे. रस्ता हाच नायक धरला की गाव नुसता रेघेच्या टोकाचा ठिपका उरतो. बाल्डॉक घ्या. रोमन सैन्य इ.स. ४३ मध्ये आलं, त्याच्या आधीपासून तिथे वस्ती होती. तिला तटबंदी नव्हती, चौकटीत आखलेल्या गल्ल्या नव्हत्या. रस्ते तिथे येऊन मिळाले, कारण माणसं तिथे आधीच होती. ब्रॉइंगमध्ये तर रोमन येण्यापूर्वीच इटलीच्या वाइनचे मातीचे रांजण पोचत होते. ती वाइन ३२ नंबरच्या रस्त्याने आलेली नाही, तो तेव्हा नव्हताच. नंबर पाहून वाटतं की जाळं एकाच हुकमाने, एकाच वेळी उभं राहिलं. डेटाबेसमध्ये ‘कधीपासून’ हा कॉलमच नसावा, तसं.

बर्नहॅम आणि वॉचर यांच्या १९९० च्या पुस्तकाच्या नावातच ‘स्मॉल टाउन्स’ हे शब्द अवतरणचिन्हांत आहेत. कशाला शहर म्हणायचं, ही शंका थेट मुखपृष्ठावर! मला ती चिन्हं फार आवडतात.

आता इंग्लंडचा लायडार डेटा, म्हणजे विमानातून लेझरने टिपलेले जमिनीचे चढउतार, फुकट मिळतो. मी चाललेली रेघ फोनवर उघडली. एका शेतात पुसटसा उंचवटा दिसतो, पुढे काहीच नाही. तरी व्हियाटोरेस मी टाकून दिलेलं नाही. त्यांनी वाट शेताशेताने लिहून ठेवली आहे, त्यामुळे साठ वर्षांनी त्याच कुंपणापाशी उभं राहून त्यांच्याशी भांडता येतं. माझ्या त्या डायग्राममध्ये एवढीही सोय नव्हती.