दोन दोर, एक कळप: हैनान गिबनचा पेपर वाचताना

2020 साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेला हैनान गिबनचा पेपर जरूर वाचा, पण बातम्यांचे मथळे बाजूला ठेवून. 2014च्या वादळात दरड कोसळून गिबनच्या वाटेत साधारण 15 मीटरची फट पडली. संशोधकांनी तिथे गिर्यारोहणाचे दोन दोर बांधले. गिबन त्यावरून जाताना दिसायला तब्बल 176 दिवस लागले. मला हाच आकडा सगळ्यात मोलाचा वाटतो. तीन महिन्यांच्या प्रबंधात आपण ‘प्रयोग फसला’ लिहून मोकळे झालो असतो!

कळप एकच, म्हणून नाक मुरडू नका. तेव्हा जगात हे गिबन उरले होते जेमतेम तिसेक. खरी अडचण वेगळी आहे. गिबन दोर वापरतात एवढंच यातून कळतं, दोरामुळे त्यांची संख्या वाढते हे नाही. लेखकही तसं म्हणत नाहीत, उलट जंगल पुन्हा जोडा म्हणतात. गडबड करतात ती पुढे संदर्भ देणारी मंडळी.

आसामच्या होलोंगापारमध्ये रेल्वेमार्गाने जंगल दुभंगलंय. तिथल्या हुलॉकसाठी हा पेपर पुरावा म्हणून जोडणार असाल, तर एवढं नक्की लिहा: हैनानच्या त्या घळीतून गाड्या धावत नव्हत्या.