मेलो ते कबूल, पण न्यायाने मेलो का?
(विश्रांतवाडी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय फळ्यावर वाचून दोघातिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, तत्त्वज्ञान संपलं का?" संपलेलं नाही. आपल्या घरातली मुलं ज्या गोष्टीला रोज दोन-दोन तास देतात, ती विचार करण्याच्या लायकीची नाही असं म्हणून टाकणं हा आळस आहे, आणि तो या वयात परवडत नाही. मी गेले चार महिने मोबाइलवर बंदुकीचा एक लष्करी खेळ खेळतो आहे. नातवाने शिकवला. कोणता ते सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही, सगळ्या प्रकाराचा आहे.

हा विषय विश्रांतवाडीत मांडण्याला अर्थही आहे. एका बाजूला खडकीचा दारूगोळा कारखाना आणि बॉम्बे सॅपर्स, दुसऱ्या बाजूला दिघीचा लष्करी परिसर, डोक्यावर लोहगावची विमानं. (आत्ता एक चाललंय. जाऊ द्या त्याला, मग पुढे बोलतो.) समोर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरात कोणीतरी वर्दी घातलेली आहे. त्यामुळे युद्धाच्या खेळाबद्दल इथे हवेत बोलून चालणार नाही.

प्याद्याचे डोळे

या प्रकाराला 'फर्स्ट पर्सन शूटर' म्हणतात. मराठी व्याकरणात 'मी' हा प्रथमपुरुष. संस्कृतात मात्र गंमत आहे. तिथे 'अहम्' हा उत्तमपुरुष, आणि प्रथमपुरुष म्हणजे 'तो'. या खेळात सगळा पडदा 'मी'ने व्यापलेला असतो. दिसतात फक्त माझे दोन हात आणि बंदूक. 'तो' दिसतो अर्ध्या सेकंदापुरता, भिंतीच्या कोपऱ्यावर, आणि तेवढ्यात ठरवायचं असतं.

युद्धाचा खेळ आपल्याला नवा नाही. पायदळ, घोडदळ, हत्ती आणि रथ ही सेनेची चार अंगं आपल्याकडे चतुरंगाच्या पटावर फार पूर्वी आली. पण बुद्धिबळ खेळणारा वरून पाहतो. तो सेनापतीच्या जागी बसलेला असतो. प्यादं गेलं तर हिशेब करतो, दुःख करत नाही. १९९३ मधल्या 'डूम'सारख्या खेळांनी आणि पुढे 'काउंटर-स्ट्राइक'ने तोच पट प्याद्याच्या डोळ्यांतून दाखवला. प्याद्याला पट दिसत नाही, पुढचं घर तेवढं दिसतं. मागून कोणी आलं तर ते मेल्यावर कळतं. बुद्धिबळातली शांतता या खेळात का नसते, याचं एक उत्तर इथे आहे.

गोडी कशाची?

मुलांना मारामारीची चटक लागली आहे, असं आपण पटकन म्हणतो. मला ते अपुरं वाटतं. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८ साली 'द ग्रासहॉपर' हे पुस्तक लिहिलं. त्यातलं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो. खेळणारा माणूस सोपी वाट समोर असताना मुद्दाम अवघड वाट धरतो, कारण त्या अडचणीमुळेच ते काम खेळ बनतं. लगोरी आठवा. दगडांची उतरंड हाताने पाडणं किती सोपं! पण आपण लांब उभे राहून चेंडूने पाडतो. नियम काढून टाकले, तर राहतो दगडांचा ढीग.

बंदुकीच्या खेळाची अडचण कुठली? नेम, वेळ आणि जागा. बंदूक झाडली की ती वर उचलली जाते, म्हणून बोट खाली ओढत राहावं लागतं. पावलांचा आवाज ऐकून समोरचा जिन्यावर आहे की दाराआड, हे ओळखावं लागतं. नकाशा पाठ व्हावा लागतो. माझं पहिल्या महिन्यातलं सगळं शिक्षण म्हणजे धावायचं कधी आणि थांबायचं कधी, एवढंच होतं.

आणि या सगळ्याचं फळ लगेच मिळतं. नेम धरला, झाडली, लागली किंवा चुकली. कळायला अर्धा सेकंद. आता पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. जाहिरातीची वाट, मग पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, निकाल, आणि त्यानंतर नियुक्तीपत्राची वाट. वर्षं जातात. नापास झाला तर नेमकं कुठे कमी पडलो, हेही धड कळत नाही. गीतेने फळावरचा हक्क सोडायला सांगितलं, आणि आपल्या व्यवस्थेने तो उपदेश फारच मनावर घेतलेला दिसतो. (हशा) अशा मुलाला रात्री अकरा वाजता एक जग मिळतं, जिथे कर्म आणि फळ एकमेकांना बांधलेले आहेत. तो तिथे जाणार नाही तर काय करेल? माझ्या मते या खेळाची खरी गोडी ही आहे. रक्त हे तिचं वेष्टन.

चीड कशाची?

आता तक्रारींकडे वळू. खेळणाऱ्यांच्या शिव्या मी मन लावून ऐकल्या आहेत. "मेलो" म्हणून कोणी फारसं चिडत नाही. "असा कसा मेलो?" म्हणून चिडतात. ही भाषा अन्यायाची आहे.

पहिली तक्रार 'लॅग'ची. माझी आणि समोरच्याची हालचाल लांबच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथून परत येते. जायला-यायला लागणाऱ्या वेळाला 'पिंग' म्हणतात, आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. वीस असेल तर उत्तम, दीडशे असेल तर हाल. आता मौज पाहा. मी भिंतीआड गेलो, माझ्या पडद्यावर मी सुरक्षित आहे, तरीही मेलो. का? कारण गोळी झाडणाऱ्याच्या पडद्यावर मी अजून उघड्यावरच होतो. असे बरेच खेळ निवाडा करताना काळ किंचित मागे नेतात, आणि झाडणाऱ्याने काय पाहिलं ते प्रमाण मानतात. म्हणजे दोन पडदे, दोन सत्यं, आणि निकाल मारणाऱ्याच्या बाजूने. जैन तार्किकांनी अनेकान्तवाद मांडला, की एकाच वस्तूबद्दल वेगवेगळ्या दृष्टिकोनांतून वेगवेगळी विधानं खरी ठरू शकतात. पण खेळात कोणीतरी एकच मरू शकतो. तिथे अनेकान्त चालत नाही, सर्व्हरला एकान्ती व्हावं लागतं. मुलगा मोबाइल गादीवर आपटतो तेव्हा हा ज्ञानमीमांसेचा प्रश्न त्याच्या हातात फुटलेला असतो.

दुसरी तक्रार फसवणाऱ्यांची. आपोआप नेम धरणारी किंवा भिंतीपलीकडचं दाखवणारी चोरटी सॉफ्टवेअर वापरणारे असतात. सूट्सच्या हिशेबाने हा माणूस खेळतच नाही, तो लगोरी हाताने पाडतो आहे. तिसरी तक्रार पैशाची. बंदुकीला रंगीत कातडं विकत घ्या, ठीक आहे, तो हौसेचा भाग. पण पैसे मोजून बंदूकच जास्त जोरदार होत असेल, तर कर्म-फळाची ती गाठ सुटली. मग रात्री अकराचं जग दिवसाच्या जगासारखंच झालं. मुलाची निराशा एवढी तीव्र का असते, ते यातून समजावं.

गलवानचं काय झालं?

आता एक ठळक उदाहरण घेऊ. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जी मोबाइलसह ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली. दोन दिवसांनी अक्षयकुमारने 'फौजी' या देशी खेळाची घोषणा केली. २६ जानेवारी २०२१ ला तो आला. विषय होता गलवान खोरं. १५ जून २०२० च्या रात्री तिथे आपले वीस जवान धारातीर्थी पडले होते. निव्वळ उत्पन्नाचा वीस टक्के वाटा 'भारत के वीर'ला देण्याचंही जाहीर झालं होतं.

हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. समीक्षा कृतीची करायची. लोकांना पब्जीच्या जागी काही हवं होतं. हाती आली ती एकट्याने खेळायची हाणामारी. चालत जा, समोर आलेल्यांना हाताने किंवा हत्याराने झोडपा, पुन्हा पुढे चला. बंदूक नाही म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. खरं तर बंदूक नसणं हीच त्या खेळातली सत्याला धरून असलेली गोष्ट होती. भारत-चीन यांच्या १९९६ च्या करारानुसार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेच्या दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, असं ठरलेलं आहे. हातात बंदूक असून न झाडणं, अंधारात, थंडीत, खाली नदी असताना! यातून केवढा विलक्षण खेळ घडू शकला असता. झाडायचं नाही ही अडचण, आणि उभं राहायचं हे ध्येय. निर्मात्यांच्या हाती सोनं होतं. त्यांनी त्याचा ठोसे मोजण्याचा कंटाळवाणा व्यायाम केला. वर, नावं ठेवणाऱ्याच्या देशभक्तीवर शंका घेणारेही निघाले. देशभक्तीने खेळाची उणीव भरून निघत नाही. ताटात मीठ कमी असेल तर राष्ट्रगीत म्हणून चव येत नाही.

पुढे ३० जानेवारी २०२५ ला 'फौजी : डॉमिनेशन' आला. तो पुण्यातल्या डॉट नाइन गेम्सने बनवला. पाच विरुद्ध पाच, हातात बंदुका. खेळ म्हणून रचना अधिक सरळ. पण गलवानचा तो अवघड प्रश्न मागेच राहिला.

पडद्याबाहेरचा सैनिक

वास्तवाच्या जवळ जाणारे खेळही आहेत. २००१ चा 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' आणि त्याच निर्मात्यांची पुढची 'आर्मा' मालिका. तिथे दहा-दहा मिनिटं नुसतं चालावं लागतं, आणि न दिसलेल्या एका गोळीने सगळं संपतं. पुष्कळांना ते असह्य होतं. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. पण प्रामाणिकपणाचाही उलटा उपयोग होतो. मे २०२५ मध्ये भारत-पाक संघर्षाच्या दिवसांत 'आर्मा ३'ची दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून फिरली. आपल्यापैकी काहींनी ती पुढेही ढकलली असतील.

इथे माझी मर्यादारेषा येते. खेळाने युद्धातलं बरंच काही वगळावं, माझी हरकत नाही. बुद्धिबळही वगळतं. पण वगळलेलं आपण विसरू नये. बॉम्बे सॅपर्सचं काम काय? पूल बांधणं, सुरुंग काढणं, वाट करून देणं. या खेळांत त्याला गुण नाहीत. खडकीतच, इथून फार लांब नाही, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. खेळात माणूस मेला की काही सेकंदांत पुन्हा उभा राहतो. त्याला 'रिस्पॉन' म्हणतात. आपल्या महाराष्ट्राचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले, कमरेखालचं शरीर निकामी झालं. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. त्यांच्या पुन्हा उभं राहण्याला सात वर्षं लागली. मुलांना खेळू द्या, आणि ही सात वर्षंही सांगा.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं : "सर, एवढं सगळं खरं, पण याने मुलं हिंसक होतात की नाही?")

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपली भूमिका स्पष्ट केली. ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकतेशी छोटासा संबंध दिसतो. प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर या खेळांवर फोडायला मात्र पुरावा पुरेसा नाही. मला त्यापेक्षा जास्त ठाऊक नाही. पण घरात करण्यासारखं एक सांगतो. चालू डावात मोबाइल हिसकावू नका. ऑनलाइन डाव थांबवता येत नाही, आणि तो उठला की त्याचे चार सोबती उघड्यावर पडतात. त्याला तुम्ही दगा द्यायला लावता. डाव संपेपर्यंत दहा मिनिटं थांबा. मग शेजारी बसा आणि "किती मारलेस?" असं विचारू नका. "शेवटी कसा मेलास? ते बरोबर होतं का?" असं विचारा. तो बोलायला लागेल. माझा नातू पाऊण तास बोलला.