अंदाजे २६० कोटी डॉलर म्हणजे नक्की कशाचे?

एप्रिल २०१९ मध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुण्याहून एक गणित आलं होतं. अमेरिका भारतीय नौदलाला २४ ‘रोमिओ’ हेलिकॉप्टरं विकणार, अंदाजे किंमत २६० कोटी डॉलर. म्हणजे एक हेलिकॉप्टर सुमारे ७५० कोटी रुपयांना! तुमच्याकडेही आलं असेल. भागाकार बिनचूक होता. पण भागायला घेतलेला आकडा हेलिकॉप्टरांच्या किमतीचा नव्हता.

तो येतो पेंटागॉनच्या संरक्षण सहकार्य संस्थेच्या पत्रकातून. ठरावीक रकमेवरची शस्त्रविक्री करण्याआधी काँग्रेसला कळवावं लागतं: भारतासाठी ३० दिवस आधी, जपान किंवा नाटो देशांसाठी १५. त्या कळवण्यातला आकडा म्हणजे कमाल मर्यादा. त्यात हेलिकॉप्टरं, टॉर्पेडो, क्षेपणास्त्रं, सुटे भाग, प्रशिक्षण, अभियंत्यांची मदत असं सगळं एका गाठोड्यात. करारावर सही झाल्यावरही किंमत अंदाजच राहते. ग्राहक देश प्रत्यक्ष येईल तो खर्च भरतो, वर ३.२ टक्के प्रशासकीय शुल्क, आणि उरलेसुरले पैसे हिशेब मिटल्यावर परत. मिटायला वर्षं लागतात. जपानच्या लेखापरीक्षण मंडळाने या रखडलेल्या हिशेबांवर बोट ठेवलेलं आहे.

माझी तक्रार पत्रकाच्या लेखनाबद्दल आहे. काँग्रेसला जाणाऱ्या मूळ कागदात निदान दोन ओळी असतात: मुख्य शस्त्रसामग्री इतक्याची, बाकी इतक्याची. आपल्यापर्यंत पोचणाऱ्या पत्रकात फक्त बेरीज. वाण्याकडूनही आपण असं बिल घेत नाही. मग वाचक भागाकार करणार नाही तर काय करणार?

भागाकाराची गंमत बघा. जानेवारी २०१८ च्या पत्रकात जपानसाठी ‘एसएम-३ ब्लॉक २ए’ जातीची ४ क्षेपणास्त्रं होती, १३.३३ कोटी डॉलरला. ऑगस्ट २०१९ मध्ये तीच ७३, ३२९.५ कोटींना. म्हणजे सुटं घेतलं तर एक नग ३.३ कोटीला आणि घाऊक घेतलं तर साडेचार कोटीला! प्रत्येक गाठोड्यात आणखी काय काय किती बांधलंय, ते पाहिल्याशिवाय ही तुलनाच होऊ शकत नाही.

इथवर वाटेल की आकडा फुगवलेला असतो, खरा खर्च कमीच येतो. पत्रकंही हल्ली तसंच सांगतात. अमेरिकेच्या बाजूने ते खरंही असेल, पण विकत घेणाऱ्याचं काय? उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांच्या धास्तीने जपानने डिसेंबर २०१७ मध्ये युद्धनौकांवरची एजिस यंत्रणा जमिनीवर, अकिता आणि यामागुची इथे, उभारायचं ठरवलं. एका संचाचा सुरुवातीचा अंदाज होता सुमारे ८० अब्ज येन. जुलै २०१८ पर्यंत तो १३४ अब्ज झाला. ३० वर्षांची देखभाल वगैरे धरून दोन संचांचे ४६६ अब्ज. क्षेपणास्त्रं वेगळी. जानेवारी २०१९ चं अमेरिकन पत्रक मात्र दोन संचांचे २१५ कोटी डॉलर सांगून मोकळं झालं. त्या पत्रकाला खोटं म्हणता येणार नाही. त्यात जमीन नव्हती, गावकऱ्यांचा विरोध नव्हता, उडालेल्या क्षेपणास्त्राचा बूस्टर कुठे पडेल हा प्रश्नही नव्हता. जून २०२० मध्ये त्याच बूस्टरपायी प्रकल्प थांबला. तो तळाच्या हद्दीतच पडेल याची खात्री देता येईना.

रद्द केलेल्या यंत्रणेचे पैसे मात्र गुंतलेले होते. म्हणून जमिनीसाठी घेतलेली ती यंत्रणा आता दोन नव्या जहाजांवर चढते आहे. एका जहाजाचा अंदाज आहे सुमारे ३९० अब्ज येन. २१५ कोटी डॉलरच्या त्या पत्रकात जहाज नव्हतंच.