मेळ बसला, पण कशाचा?

चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर येथील महाऔष्णिक वीजकेंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. भारतीय दगडी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते, तेव्हा विजेबरोबर राखेचेही डोंगर आलेच. हॉपरमधल्या कोरड्या राखेत तळातून हवा सोडली की ती पाण्यासारखी वाहू लागते. हवा आणि कण यांच्या अशा दाट प्रवाहाचे गणित संगणकावर करतात. त्याची रंगीत चित्रे मोहक असतात. आमची तक्रार चित्रांविषयी नाही, त्यांच्या शेजारी छापल्या जाणाऱ्या एका आलेखाविषयी आहे.

निम्मी जागा मोकळी धरली तरी एका घनसेंटिमीटरमध्ये ०.१ मि.मी. व्यासाचे सुमारे साडेनऊ लाख कण मावतात. प्रत्येक कणाचा पाठलाग करणारी पद्धत आहे. त्सुजी व सहकाऱ्यांनी १९९३ साली ती वापरली तेव्हा कण होते २४००! हॉपरभर राखेला ती कशी परवडणार? म्हणून कणांच्या समूहालाच द्रायू मानतात आणि एकमेकांत मिसळलेल्या दोन द्रायूंची समीकरणे जाळीच्या घराघरांत सोडवतात. हवा कणांना किती ओढते, हे मात्र प्रयोगांतून मिळालेल्या सूत्राने बाहेरून पुरवावे लागते. गिडास्पॉव यांच्या प्रसिद्ध पद्धतीत दाट थराला अर्गन यांचे १९५२चे सूत्र लावतात, पोकळी ८० टक्क्यांहून अधिक असेल तर वेन आणि यू यांचे १९६६चे. सांध्यावर दोन्ही नीट जुळत नाहीत.

आता तो आलेख. थरातील दाबाची घट प्रयोगाशी जुळली, असे त्याखाली अभिमानाने लिहिलेले असते. पण थर तरंगू लागला की दाबाची घट म्हणजे कणांचे वजन भागिले नळीचे क्षेत्रफळ. ओढीचे सूत्र बरोबर असो वा चूक, थर तरंगता आहे तोवर उत्तर तेच! ही परीक्षा नापास होणेच कठीण.

खरी परीक्षा थराच्या उंचीची. जाळी मोठ्या घरांची असेल तर बारीक कणांचे गुच्छ गणितात दिसत नाहीत. हवा त्यांना वळसा घालून निसटते, हे सुटून जाते. ओढ फाजील येते आणि थर प्रत्यक्षाहून अधिक फुगतो. किती कण हवेबरोबर उडून जातील, हा अंदाजही मग चुकतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली ज्या चंद्रपूरला अतिप्रदूषित क्षेत्रांत गणले, तिथे ही चूक पुस्तकी म्हणून सोडून देता येत नाही.

शाळेत हे पाहता येते. तीन सेंटिमीटर रुंद पारदर्शक नळीच्या तळाशी घट्ट कापड बांधून वर दहा सेंटिमीटर बारीक, कोरडी वाळू भरावी आणि खालून मत्स्यपेटीच्या पंपाची हवा सोडावी. कापडाच्या लगेच वर पाण्याची यू-नळी जोडावी. फरक सुमारे १५ सेंटिमीटर येईल आणि हवा वाढवली तरी फारसा बदलणार नाही. वाळूची उंची मात्र बदलत राहील. बुडबुडे फुटताना ती उसळते, म्हणून दहा-बारा वाचने घेऊन सरासरी काढावी.